लोण्याशेजारची जागा

मी घर सोडलं त्या सकाळी आत्याने माझ्या तळहातावर दही-साखर घातली. साखर इतकी की दही शोधावं लागत होतं. गल्लीतल्या पाच-सहा बायका मला निरोप द्यायला तिण्णैवर, म्हणजे आपल्या ओट्यावर, जमल्या होत्या. त्यांच्या देखत आत्या म्हणाली, "खा गं इंदू, मद्रासला कोण घालणार तुला?" मी खाल्ली. अप्पा रिक्षात ट्रंक चढवत होते, त्यांनी पाहिलं. आईने पाहिलं. रुक्कू, तू चौकटीला टेकून उभी होतीस, तूही पाहिलंस. तासाभरापूर्वीच मी परसातल्या न्हाणीत बसून मांडीत इन्सुलिन टोचून घेतलं होतं, हे आपल्या घरात प्रत्येकाला ठाऊक होतं. शेजारच्या मामी म्हणाल्या, "अजून एक चमचा द्या, लांबचा प्रवास आहे." आत्याने दिला. तोही मी हात चाटून पुसून खाल्ला आणि वर हसले.

मग आठ तास बस. विळुप्पुरम येईपर्यंत माझी जीभ टाळूला चिकटली होती. बस थांबेल तिथे मी आडोसा शोधत धावत होते आणि शेजारच्या सीटवरचे म्हातारे कंडक्टरला सांगत होते, "पोरीचं पोट बिघडलंय, जरा थांबा." पोट बिघडलेलं नव्हतं. काय बिघडलंय ते सांगायची मला बंदी होती.

परवा फोनवर तू म्हणालीस, "अक्का, किती वर्षं तेच उगाळत बसणार? घरी येऊन राहा की आठ दिवस." फोनवर मला बोलता येत नाही, तुझ्या पाठीमागे तुझ्या सासूबाई असतात. म्हणून लिहितेय. आपल्या पिढीतल्या किती जणांना ही मराठी अक्षरं वाचता येतात? तुला येतात, मला येतात, कारण अप्पांनी आपल्याकडून पाटीवर गिरवून घेतली. आत्याला येत नाहीत. बरंच आहे. नाहीतर तिने हा कागद बंबात घातला असता.

मी एकोणीस वर्षांची होते तेव्हा हे सुरू झालं. तांब्यामागून तांब्या पाणी पीत होते, पावाड्याला, म्हणजे परकराला, पिना लावून लावून कंबर शोधावी लागत होती. आत्याने मीठ-मिरच्या ओवाळून टाकल्या. कुणाची तरी नजर लागली म्हणे. कुणाची, तेही तिने ठरवलं होतं. शेवटी एक दिवस मला दवाखान्यात उचलून न्यावं लागलं. डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, "शुगर आहे. आता जन्मभर रोज इन्सुलिन." अप्पांनी पहिला प्रश्न काय विचारला, माहीत आहे? पोरगी वाचेल ना, असं नाही विचारलं. "डॉक्टर, हे बाहेर कुणाला कळायला नको ना?" असं विचारलं. खोटं कशाला बोलू, तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मलाही तेच विचारायचं होतं.

आपण तंजावूरचे मराठी आहोत तरी किती? राजवाड्यामागच्या चार गल्ल्या, कुंभकोणमची काही घरं, तिरुवैयारुची काही. एका घरात शिंक आली की दुसऱ्या घरात रुमाल निघतो. बाहेरची सोयरीक करायची नाही आणि आतली मुलं हाताच्या बोटांवर मोजावी एवढीच. अशात एका मुलीला शुगर आहे असं कळलं तर तिचं सोडाच, तिच्या धाकट्या बहिणीकडेही कुणी फिरकणार नाही. म्हणजे तुझ्याकडे, रुक्कू. मी गप्प बसायचं ते तुझ्यासाठी, असं मला रोज सांगितलं जायचं. तुला हे कधी कुणी सांगितलं का, मला माहीत नाही. सांगितलं असलं तरी तू काय करणार होतीस? सतरा वर्षांची होतीस.

आता फ्रिज. तुला आठवतो का तो आला तो दिवस? हॉलमध्ये टीव्हीच्या शेजारी त्याची स्थापना झाली. वर क्रोशाचा रुमाल, त्यावर प्लास्टिकची फुलं. गल्लीतला दुसराच फ्रिज तो. येणाऱ्या-जाणाऱ्याला अप्पा दार उघडून आतला दिवा लागतो ते दाखवायचे. आत काय ठेवायचं ते मात्र आत्याने ठरवलं, कारण स्वयंपाकघर तिचं, सोवळं तिचं, आणि विधवा होऊन माहेरी परतलेल्या थोरल्या बहिणीला अप्पा कधी नाही म्हणायचे नाहीत. दूध, दही, आणि वरच्या कप्प्यात देवाच्या नैवेद्याचं लोणी. बस.

डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं की इन्सुलिन फ्रिजमध्येच ठेवा. अप्पांनी खोक्यातला कागद काढला, चष्मा लावला आणि पोथी वाचावी तसा मोठ्याने वाचला. कुणी सांगितलं होतं मोठ्याने वाचायला? हे औषध गाईच्या ग्रंथीपासून काढतात, हे त्यांनी इंग्रजीतून वाचलं आणि वर मराठीतून समजावून सांगितलं.

"गाईच्या?" आत्या म्हणाली. "मेलेल्या गाईच्या? आणि ते देवाच्या लोण्याशेजारी?"

झालं. त्यावर अपील नव्हतं. आईने विहिरीपाशी सावलीत एक मडकं पुरलं, त्यात वाळू भरली, वाळूत माझी बाटली. वाळू ओली ठेवायला ती सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपायची. आईचं सगळं प्रेम असं परसात, कुणी बघत नसताना. सिरिंज काचेची, ती रोज उकळायला लागायची. चूल सोवळ्यातली, म्हणून मला न्हाणीशेजारी रॉकेलचा स्टोव्ह. लघवी तपासायची ती काचेची नळीही तिथेच. निळं औषध नळीत घ्यायचं, लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि तापवायचं. निळं राहिलं तर उत्तम, हिरवं झालं तर ठीक, पिवळं वाईट, विटकरी म्हणजे साखरच साखर. दोन वर्षं माझा रंग हिरव्या-पिवळ्यात असायचा. त्या मडक्याने मला जगवलं, हे मी मान्य करते. मडक्याबद्दल माझी तक्रार नाही.

मग वैशाखात तुला बघायला कुंभकोणमची मंडळी यायची ठरली. पाहुणे पाय धुवायला विहिरीवर जाणार, तिथे मडकं कशाचं म्हणून कुणी विचारलं तर? अप्पांनी बाटली काढली आणि लाकडं ठेवायच्या पत्र्याच्या शेडमध्ये, वरच्या फळीवर ठेवली. "दोनच दिवस," म्हणाले. कत्तिरीचे, म्हणजे ऐन उन्हाळ्याचे दिवस, जेव्हा तिण्णैवर अनवाणी पाय टेकवत नाही, आणि त्या उन्हात पत्र्याखाली इन्सुलिन. पाहुणे येऊन गेले, मग ते पुन्हा यायचे होते, मग त्यांचे कुणी मामा यायचे होते. बाटली फळीवरच राहिली. ती संपली, नवी आली, तीही फळीवर गेली. माझी नळी रोज विटकरी होऊ लागली. मी टोचत होते ते औषध नव्हतंच उरलं, शिजलेलं पाणी होतं. मला कळत नव्हतं. मी वाटीभर भातावर आले होते, रडत होते, आणि आत्या म्हणत होती की ही चोरून गोड खात असेल.

एका दुपारी मी विहिरीपाशी कोसळले. दवाखान्यात शुद्धीवर आले तेव्हा डॉक्टर अप्पांशी बोलत होते. ते म्हणत होते, "एवढं इन्सुलिन घेऊन साखर इतकी कशी? औषध ठेवता कुठे?"

"फ्रिजमध्ये, डॉक्टर," अप्पा म्हणाले.

किती सहज म्हणाले! मी खाटेवर पडून ऐकत होते. माझ्या नाकात नळी होती, पण तोंड मोकळं होतं. मी बोलले नाही. आई पायाशी बसली होती, तीही बोलली नाही. डॉक्टरांनी मान हलवली. फ्रिजमध्ये ठेवूनही साखर उतरत नाही म्हणजे डोस कमी पडतोय, असं त्यांना वाटलं. त्यांच्या जागी कुणालाही वाटलं असतं. त्यांनी बावीस युनिटचे चाळीस केले. घरी बाटली पुन्हा फळीवरच गेली. गल्लीत टायफॉईड म्हणून सांगितलं.

हे चाळीस युनिट घेऊन मी मद्रासला आले. तेव्हा नुकत्याच कॉम्प्युटरच्या कंपन्या निघत होत्या, बी.कॉम. झालेल्या मुलींना डेटा एंट्रीला घेत होत्या. कोपऱ्याकोपऱ्यावर पिवळ्या पाट्यांचे एसटीडी बूथ आणि गच्चीगच्चीवर डिशच्या छत्र्या. अप्पांनी मला जाऊ दिलं याचं सगळ्यांना नवल वाटलं. मला नाही वाटलं. मी घरात नसले की लपवायला काही उरत नव्हतं.

माझी खोली कमला-अक्कांकडे होती. पन्नाशीच्या, नवऱ्यामागे एकट्या राहणाऱ्या, आवाज असा की समोरच्या इमारतीतल्या लोकांना यांच्या घरी आज कसलं कोळंबू, कसली आमटी आहे ते कळावं. पहिल्याच दिवशी मी हातपाय धुऊन स्वयंपाकघरात गेले तर खिडकीत चमच्यांच्या शेजारी काचेची नळी वाळत ठेवलेली. तीच, निळ्या औषधाची. मी बघतच राहिले.

"काय बघतेस? मला शुगर आहे," त्या म्हणाल्या, "बारा वर्षं झाली. तुला फिल्टर कॉफीत साखर किती?"

अशा म्हणाल्या की जणू मला गुडघेदुखी आहे! त्यांच्या फ्रिजच्या दारात इन्सुलिनची बाटली होती, तिला लागून मोगऱ्याचा गजरा आणि खाली इडलीचं पीठ. भाजीवालीला शुगर माहीत होती, इस्त्रीवाल्याला माहीत होती, देवळातल्या गुरुजींना तर रोजचा आकडा माहीत असायचा. मला त्यांची किळस आली. खरं सांगते. इतकं निर्लज्ज माणूस मी पाहिलं नव्हतं. मी माझी बाटली केळ्याच्या चिप्सच्या डब्यात घालून, डबा गच्च लावून, त्यांच्या फ्रिजच्या तळाशी ठेवली. "चिप्स फ्रिजमध्ये?" त्यांनी विचारलं. "आमच्याकडे अशाच ठेवतात," मी म्हटलं.

आठवड्याभराने घरून आणलेली, आधीच शिजलेली बाटली संपली. मी दूरच्या दुकानातून नवी आणली आणि चिप्सच्या डब्यात, गारव्यात ठेवली. तंजावूरच्या डॉक्टरांनी सांगितलेले तेच चाळीस युनिट तिसऱ्या सकाळीही टोचले. त्याआधी न्हाणीत नळी तापवली तर औषध निळंच राहिलं. लख्ख निळं! कित्येक महिन्यांत पहिल्यांदा. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बरी झाले मी, असं वाटलं. अप्पांना फोन करून सांगावं म्हणून जिन्याकडे निघाले आणि दोन पायऱ्यांवर माझे हात थरथरायला लागले, घामाने ब्लाऊज भिजला, समोरची भिंत दिसेना. पुढचं मला कमला-अक्कांनी सांगितलेलं. त्यांनी मला धाडकन पडलेलं ऐकलं, धावत आल्या, घाम बघितला आणि क्षणात ओळखलं. गूळ कुटून माझ्या गालफडात चोळत त्या ओरडत होत्या, "शुगर उतरलीय पोरीची! टॅक्सी बोलवा!" सगळ्या इमारतीने ऐकलं. ज्या गोष्टीसाठी आपल्या घराने तीन वर्षं दारं-खिडक्या लावून घेतल्या, ती एका सकाळी जिन्यात जाहीर झाली, आणि म्हणून मी वाचले.

मद्रासच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि संतापलेल्या होत्या. "चाळीस? तुझ्या अंगापिंडाला? कुणी दिला हा डोस? आधी औषध कुठे ठेवत होतीस?"

"फ्रिजमध्ये," मी म्हणाले.

माझ्याच तोंडातून अप्पांचं उत्तर निघालं, त्याच सहजपणे. मरता मरता वाचले होते तरी घराची अब्रू पहिली. त्या पुन्हा कागदाकडे वळल्या, विचारात पडल्या. त्या पुन्हा चुकीचा डोस लिहिणार होत्या. तेव्हा मला भीती वाटली, खरीखुरी, मरणाची. मी म्हटलं, "नाही. पत्र्याच्या शेडमध्ये."

"घरी फ्रिज नव्हता का?"

"होता. हॉलमध्ये होता."

त्यांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. मी लोण्याचं सांगितलं, गाईचं सांगितलं, तुझ्या पाहुण्यांचं सांगितलं. सांगताना मलाच ते खरं वाटेना. कमला-अक्का शेजारी उभ्या होत्या. गप्प. त्या गप्प बसलेल्या मी तेवढ्या एकदाच पाहिल्या.

मी अप्पांना सगळं लिहून कळवलं. त्यांचं कार्ड आलं: झालं ते झालं, डोस कमी केला हे बरं केलंस, रुक्मिणीचं ठरत आलंय, तूर्त हा विषय नको. मी ते कार्ड फाडलं. मग तुकडे गोळा करून पुन्हा वाचलं, कुठे 'कशी आहेस' असं आहे का बघायला.

तुझं लग्न झालं. आणि लग्नातच, रुक्कू, मी तुझ्या सासऱ्यांना पाहिलं. लग्न लागल्यावर पंगतीआधी ते मागच्या खोलीत गेले, संध्या करायची आहे म्हणून. मी चुकून आत गेले तर ते धोतर वर करून मांडीत सुई टोचत होते. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. मी दार ओढून घेतलं. बाहेर अप्पा व्याह्यांच्या घराण्याची निरोगी म्हणून तारीफ करत होते आणि आपल्या घराण्याची ऐकून घेत होते. मला इतकं हसू आलं की पदर तोंडात कोंबावा लागला. माझा जीव जायची वेळ आली होती ती ज्यांच्यापासून लपवण्यासाठी, ते आपल्यापासून लपवत होते!

तू, आणि तुझ्यासारखे जे मागे राहिले, तुम्हाला वाटतं की बाहेर पडलेली माणसं सुखात असतात. सुख वगैरे काही नाही. माझ्या डाव्या डोळ्यावर लेझर करून घ्यावं लागलं. लग्नाचं म्हणाल तर दोनदा मी आधीच सांगून टाकलं, दोन्ही वेळा मुलाकडच्यांनी कॉफी संपवली आणि गेले. ऑफिसात साडेदहाला मी टेबलावर डबा उघडून खाते, साहेब काही म्हणत नाही. आता सुया प्लास्टिकच्या आल्या, रक्ताचा एक थेंब घेऊन आकडा सांगणारं यंत्र आलं. रोज सकाळी तो आकडा मी कमला-अक्कांना ओरडून सांगते आणि त्या त्यांचा सांगतात. एवढं मिळालं मला. आणि माझ्यासारखे जे बाहेर पडले त्यांना विचारून बघ, बहुतेक जण पोटासाठी म्हणून सांगतील. घरात कशाला जागा नव्हती ते कुणी सांगत नाही.

गेल्या महिन्यात आईने बूथवरून फोन केला, अप्पांच्या पायाची जखम भरत नाही, त्यांनाही शुगर निघाली, इन्सुलिन सुरू केलंय. मी आठ दिवसांची रजा टाकून तंजावूरला गेले. अप्पा खाटेवर होते, वाळलेले, पायाला बँडेज. त्यांनी माझा हात धरला. मी हात धरू दिला. मग पाणी घ्यायला हॉलमधला फ्रिज उघडला.

वरच्या कप्प्यात देवाचं लोणी. आणि त्याला खेटून, स्वच्छ वाटीत उभी करून ठेवलेली इन्सुलिनची बाटली. मी खोकं हातात घेऊन वाचलं. वेगळं नव्हतं काही. गाईचंच.

"कोणी ठेवली ही?" मी विचारलं.

"मीच," आत्या म्हणाली. "डॉक्टर म्हणाले थंडीत ठेवा. घरचा कर्ता माणूस तो, त्याचं औषध काय उघड्यावर टाकायचं?" मग माझा चेहरा बघून म्हणाली, "तुझीही ठेव की शेजारी. जागा आहे."

आई मागे येऊन उभी राहिली होती. तिने लोण्याचं भांडं हाताने सरकवलं आणि थोडी जागा केली.

"तेव्हा का नाही?" मी म्हटलं. "आत्या, मी मरत होते. तेव्हा का नाही?"

आत्याला खरंच आश्चर्य वाटलं. ती म्हणाली, "तेव्हा तू हट्टच कुठे धरलास? हट्ट धरला असतास तर ठेवलीच असती."

मी माझी बाटली पिशवीतून काढली, लोण्याशेजारी ठेवली आणि दार लावलं. एवढंच. एक क्षण लागला. मग मी परसात गेले आणि मोठ्याने रडले. दुःखाने नाही, रागाने. इतकं सोपं होतं ते. मी स्वतः कितीदा त्या फ्रिजसमोरून गेले होते, कधी एकदा दार उघडून ठेवली असती तर आत्या आरडाओरडा करून चार दिवसांनी गप्प बसली असती. मला का नाही सुचलं? हे मी त्या तिघांना माफ करेन न करेन, स्वतःला नाही करत.

तिसऱ्या दिवशी निघाले. त्याआधी आईला अप्पांना टोचायला शिकवलं, बाटली कशी हलवायची, हवा कशी काढायची. माझ्या सिरिंजला तिने कधी बोट लावलं नव्हतं, पण अप्पांना टोचताना तिचा हात जराही कापला नाही. मग ती मला सोडायला बसपर्यंत आली. खिडकीशी उभी राहून म्हणाली, "पुढच्या वेळी राहायला ये. आता जागा झालीय."

बस सुरू झाली. आपल्यात निघताना कुणी 'जाते' म्हणत नाही, 'येते' म्हणायचं, हे मला बोलायला लागल्यापासून आईनेच शिकवलंय. लहानपणी शाळेला निघतानासुद्धा चुकून 'जाते' म्हटलं तर ती उंबऱ्यातून परत बोलवायची.

"जाते गं," मी म्हणाले.

आईने ऐकलं. तिने मला परत बोलावलं नाही.